भाड्याची भावकी

माझा धंदा नेमका कसला, हे मला कधी कुणाला एका दमात सांगता आलं नाही. वसमतच्या बसस्टँडसमोरच्या बोळात माझी एक खोली होती. खोलीवर पाटी होती आणि पाटीवर 'सर्व प्रकारच्या कार्यांची व्यवस्था पाहिली जाईल' असं रंगवून घेतलं होतं. आत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला पंचांगाचं कॅलेंडर. गिऱ्हाईक यायचं, इकडं-तिकडं बघायचं आणि विचारायचं, "सामान कुठं हाय?" सामान नव्हतंच. मांडवाची बल्ली माझी नव्हती, कनात माझी नव्हती, भोंगा माझा नव्हता आणि आचाऱ्याची कढईही माझी नव्हती. "मंग तुमचं काय हाय यात?" मी म्हणायचो, डोकं. त्यावर गिऱ्हाईक हसायचं, आणि मला दर वेळी तितकाच राग यायचा.

त्याआधी मी वसमतमधल्याच एका मांडववाल्याकडं कामाला होतो. तिथं रोज एकच तमाशा बघायचो. मांडववाला मांडव घालून मोकळा, भोंगेवाला भोंगा टांगून मोकळा, बँडवाला उशिरा येऊन वर तोऱ्यात. आणि या सगळ्यांच्या मधे नवरीचा बाप फेटा सावरत एकटा पळून राहिलेला. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. मला वाटायचं, यांना धरून बांधणारा एक माणूस पाहिजे. दुष्काळ उलटल्यावर अडकलेली लग्नं एकदम निघाली, तेव्हा मी नोकरी सोडली आणि पाटी लावली. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता आणि असला धंदा आख्ख्या जिल्ह्यात कुणी ऐकला नव्हता. सासरा म्हणाला, "चांगली नोकरी सोडून लोकांची लग्नं मोजत बसणार काय?" मी त्याच्याशी वर्षभर धड बोललो नाही.

माझा हिशेब असा होता की पैसेवाले येतील. हळदीचे व्यापारी येतील, कारखान्यावरचे साहेब येतील. कशाचं काय. पैसेवाल्यांकडं माणसांना तोटा नसतो. माझ्याकडं यायचे ते वेगळेच. टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेला बसायचे, चहा घ्यायचे, कापसाचं बोलायचे, आणि मग हळूच म्हणायचे, "तसं घरी माणसांची कमी न्हाई. भाऊ हाईत, चुलतभाऊ हाईत. पण ज्याच्या त्याच्या कामात हाईत." ऐन वैशाखात शेतकऱ्याला कसली आलीत कामं? मी विचारायचो नाही. कुणाचं बांधावरून फाटलेलं असायचं, कुणाचं विहिरीच्या पाळीवरून, कुणाचं एखाद्या बाईच्या बोलण्यावरून. पहिल्याच मोसमात मला उमगलं की ज्याची भावकी तुटली तोच माझी पायरी चढतो.

आमच्या खेड्यात लग्न एकट्या बापाचं नसतं, भावकीचं असतं. सोयऱ्याला पत्रिका जाते, अक्षत जाते. भावकीला कुणी 'या' म्हणत नाही आणि 'हे करा' तर मुळीच म्हणत नाही. ती आपली आपण येते, बाह्या वर करते आणि कामाला लागते. कुणी वेशीवर वऱ्हाड घ्यायला जातो, कुणी पाण्याच्या टाक्या भरतो, कुणी वरणाची बादली उचलतो. भावकीला काम सांगणं म्हणजे तिला परकं करणं. आणि जिथं भावकी नसेल तिथं ते सगळं करायला मी आणि माझी वसमतची चार माणसं.

म्हणजे मी काही व्यवस्था बघत नव्हतो. मी भाड्याचा भाऊ होतो. नवरदेवाच्या बापाची गळाभेट मी घ्यायचो. पंगतीतून हात जोडत फिरायचो, "सावकाश होऊ द्या, लाजू नका," म्हणत वरमाईच्या ताटात बुंदी टाकायचो. त्या घरात मी आदल्या दिवशीपर्यंत पाऊल ठेवलेलं नसायचं. आखाडा बाळापूरकडच्या एका लग्नात तर मुलीच्या बापानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "पाहुण्यांसमोर माझ्यावर जरा ओरडा." मी म्हणालो, "काहून?" तर म्हणे, "मोठा भाऊ असता तर ओरडला असता. कुणीच ओरडून नाही राहिलं, तर लोकांना समजतंय." मग मी भर मांडवात त्याला झापलं, पाणी काहून आलं न्हाई म्हणून. बिचारा खाली मान घालून उभा राहिला आणि त्याच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला पुढं ओरडवेना.

दोन-चार वर्षं अशा कामाचा जोर असतो. मग तो जोर उतरतो आणि नुसतं काम राहतं. माझा गळा कायम बसलेला असायचा. टाचांना भेगा पडायच्या, वैशाख-ज्येष्ठात एका जागी बसलो तर उठवत नसे. लोकांच्या हौसेत उभं राहून राहून मला हौस या शब्दाचाच वीट आला होता. बँड वाजला की माझं डोकं दुखायला लागायचं. बायको म्हणायची, "बाहेर इतकं गोड बोलता, घरी आल्यावर काय होतंय?" काय होणार? गोड बोलणं बाहेरच संपून यायचं.

आणि तिथीचं एक दुखणं होतं. चांगली तीथ सगळ्यांना एकच चांगली असते. दाट तिथीला माझी बोली दोन-दोन गावांत ठरलेली असायची आणि नेमकं त्याच दिवशी माझ्या भावकीतही लग्न असायचं. आमचं गाव शिरड शहापूरजवळ. तिथं माझा थोरला भाऊ, चुलतभाऊ, त्यांची पोरंबाळं. त्यांच्या लग्नांना मी नसायचो. आहेर बायकोच्या हाती जायचा. एकदा मी दादाला म्हणालो, "दादा, या खेपेलाही येणं झालं न्हाई." दादा म्हणाला, "तुझा धंदाच तसला. आमाला समजतंय. तू तकलीफ करून घेऊ नको." कुणी रुसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. मला तेव्हा त्याचं बरं वाटलं. रुसले असते तर जास्त बरं झालं असतं, असं आता वाटतं.

माझी थोरली पोरगी या सगळ्यात मोठी झाली. लहान होती तेव्हा उन्हाळ्यात बाप घरी नसतो हे तिला ऋतूसारखं माहीत होतं. तिचं लग्न ठरलं, सेनगावकडचं स्थळ, मुलगा मास्तर. त्या दिवशी मी खोलीवर निघालो होतो, तर दारात आडवी आली.

"बाबा, माझ्या लग्नात तुमी पळायचं न्हाई. वाढायचं न्हाई. माझ्या बाजूला बसायचं."

"बसतो की."

"तुमचं 'बसतो की' मला ठावं हाय. बराबर सांगा."

"बराबर सांगतो. बसतो."

"मी मान वर केली की तुमी दिसले पाहिजेत," ती म्हणाली आणि आत गेली.

आयुष्यात कुणी माझ्याकडं इतकी लहान गोष्ट मागितली नव्हती. दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नात मी सगळं केलं होतं, फक्त बसलो नव्हतो. ठरवलं, या लग्नात मी फक्त बाप. पाटावर बसणार, कन्यादान करणार, पोरीकडं बघणार. जगबुडी झाली तरी उठणार नाही.

लग्न गावी करायचं ठरलं. मांडव, आचारी, बँड मी वसमतहून लावले. माझी ती चार माणसं मात्र नेली नाहीत. ती माणसं म्हणाली सुद्धा, "आमी येतो की, तुमच्या घरचं कार्य हाय." मी नको म्हणालो. माझ्या गावात, माझ्या भावाच्या दारासमोर मांडव, आणि त्यात वाढायला भाड्याची माणसं? भावकीच्या तोंडावर थुंकल्यासारखं झालं असतं. वाढपाची, पाण्याची, वऱ्हाडाच्या उतरण्याची बाजू मी मुद्दाम रिकामी ठेवली. ती त्यांची होती.

लग्नाच्या सकाळी भावकी आली. दादा आला, चारी चुलतभाऊ आले, त्यांची जाणती पोरं आली. पांढरीधोट धोतरं, इस्त्रीचे सदरे, नवे पटके. आले आणि मांडवात सतरंजीवर ओळीनं बसले. मी म्हटलं, बसू द्या, चहा घेतील आणि उठतील. चहा झाला. पान झालं. कुणी उठलं नाही. दादा मांडवाकडं कौतुकानं बघत होता, पोरांना सांगत होता, "बघा, एक बल्ली वाकडी न्हाई." पोरं माना हलवत होती.

मी वाट बघत राहिलो. आता उठतील, मग उठतील. टाक्या अर्ध्याच होत्या. वेशीवर जायला कुणी निघालेलं नव्हतं. बायको आतून येऊन माझ्याजवळ वाकली. "अवो, सांगा की त्यास्नी."

"भावकीला सांगायचं?"

"मंग काय करायचं?"

"बसायचं," मी म्हणालो आणि खरंच दादाशेजारी जाऊन बसलो. हात मांडीखाली दाबून धरले होते मी. दादानं माझ्याकडं बघून पान पुढं केलं. मी घेतलं. आम्ही दोघं भाऊ पान चघळत बसलो, आणि मला वाटत होतं की यानं एकदा तरी सदऱ्याची बाही वर करावी.

तेवढ्यात वऱ्हाडाच्या बसचा हॉर्न वेशीवर वाजला. वाजला आणि वाजतच राहिला, कारण घ्यायला कुणीच नव्हतं. पुढं हळदी-कुंकवाचं ताट नाही, पाणी नाही. त्यांच्यातला एक जण उतरून रस्त्यात उभा राहिलेला मला मांडवातून दिसला. इतक्या वर्षांची सवय वाईट असते. मी उठलो कधी हे मला समजलंच नाही. ताट हातात घेतलं, बँडवाल्याला हाक मारली आणि पळत सुटलो.

एकदा उठलो ते उठलोच. वऱ्हाडाला उतरवलं, तर अंघोळीला गरम पाणी नाही. ते बघितलं, तर आचारी म्हणतोय चुलीत ओलं लाकूड दिलं. ते निस्तरलं, तर भोंग्याची वायर ओढली गेलेली. मधून मधून मांडवातून जाताना दादाचा आवाज कानावर यायचा. पाहुण्यांना तो सांगत होता, "आमचा धाकटा भाऊ. आख्खा तालुका याच्या शब्दावर चालतो. लग्नात याच्या कामात हात घालायची कुणाची टाप न्हाई." आणि पाहुणे म्हणत होते, दिसतंय की. दादाचा ऊर भरून आलेला होता. अशा माणसाला 'उठा' कसं म्हणायचं? माझ्या तोंडातून तो शब्द निघेना. रागही निघेना. नुसते पाय दुखत होते.

अक्षता पडल्या तेव्हा मी मांडवाच्या मागं होतो. मंगलाष्टकं भोंग्यातून ऐकली. आणि आमच्याकडची रीत अशी, की इकडं अक्षता पडल्या की तिकडं लगेच पहिली पंगत बसते. वऱ्हाड लांबचं, सकाळपासून उपाशी. बघता बघता पत्रावळी मांडल्या गेल्या, माणसं मांडी घालून बसली, आणि वाढायला कुणी नाही. पाहुणे पत्रावळीवर पाणी शिंपडून एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. मी वरणाची बादली उचलली. बायकोच्या माहेरचे दोन जण लाजेकाजेनं माझ्यामागं पोळ्या घेऊन निघाले.

मी दुसऱ्या ओळीत होतो तेव्हा भटजींचा पुकारा आला. "कन्यादानाला मुलीचे आईवडील."

बायको पाटाजवळ जाऊन उभी राहिली होती. पोरगी मान खाली घालून बसली होती. माझ्या हातात बादली होती, समोर वरमाईकडची म्हातारी माणसं भातावर आळं करून थांबली होती आणि मागं दोन ओळी कोऱ्या होत्या. बादली खाली ठेवली असती तर पंगत अडली असती. पंगत अडली तर वऱ्हाड उठलं असतं. उठलेलं वऱ्हाड मी दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं, आणि त्या मुलींचे सासरी काय हाल झाले तेही कानावर आलं होतं. भटजींनी पुन्हा पुकारा केला, उशीर होतोय म्हणाले.

मी दादाकडं बघून ओरडलो, "दादा, तुमी आणि वहिनी बसा पाटावर."

दादा गोंधळला. "मी?"

"तुमीच. मोठे हाव तुमी. बसा."

थोरल्या चुलत्यानं कन्यादान करणं आमच्यात वावगं नाही, उलट मान असतो. दादा उठला, पटका नीट केला. वहिनी लाजत आल्या. आणि माझी बायको पाटाजवळून बाजूला झाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पदर तोंडाला लावून ती बायकांच्या घोळक्यात शिरली. मी वरण वाढत राहिलो. "सावकाश होऊ द्या, लाजू नका," म्हणत राहिलो. एकदा पाटाकडं बघितलं, तेव्हा पोरीनं मान वर केलेली होती. ती मांडवभर बघत होती. मी वाकलेला होतो, पंगतीत, पाहुण्यांच्या पटक्यांमागं. तिला दिसलो नसणार.

पुढच्या सगळ्या पंगती मीच उठवल्या. उन्हं कलली तशी वऱ्हाडाची निघायची घाई सुरू झाली. रुखवताचं सामान बसवर चढवायला मी वर चढलो होतो. खाली उतरलो तर नवरदेवाकडचा एक म्हातारा माझी वाट बघत उभा. लांबचा कुणी आजा असावा, आधीच्या बोलण्या-बैठकीत कधी दिसला नव्हता. मोठ्या प्रेमानं त्यानं माझ्या दंडाला धरलं.

"लई बराबर काम केलं तुमी. एक माणूस उपाशी न्हाई राहिला. कुठले तुमी?"

"वसमतचा."

"पुढल्या साली आमच्या नातीचं हाय. तुमालाच लावू. बरं, मुलीच्या बापाचा निरोप घ्यायचा राहिला. ते कुठं हाईत?"

सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण मग तो ओशाळला असता, मला त्याची समजूत काढावी लागली असती, हसावं लागलं असतं, आणि माझ्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. मी मांडवाकडं हात केला. तिथं दादा बसला होता, गळ्यात हार, कपाळाला कुंकू. "ते काय," मी म्हणालो. म्हातारा तिकडं गेला, दादाला भेटला, दोघं गळ्यात पडले.

पोरगी बसच्या पायरीशी उभी होती. तिनं हे ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पाया पडायला वाकली तर माझ्या पायाला वरणाचे शिंतोडे होते, ते तिनं पदरानं पुसले. मी म्हणालो, "अगं, कोरा शालू हाय." ती म्हणाली, "सकाळपासून तुमाला पाहिलंच न्हाई, बाबा." त्यात राग नव्हता. लहानपणी उन्हाळ्यात मी घरी आलो की जसं म्हणायची तसंच म्हणाली. मग बस निघाली आणि मी धुळीत उभा राहून लहान लेकरासारखा रडलो.

मांडवात परत आलो तेव्हा भावकी तिथंच सतरंजीवर बसलेली होती. सगळी, पोरांसकट. इस्त्रीच्या सदऱ्यांना घामाचे डाग पडले होते. मी चिडलोच. म्हणालो, "आता कशाला थांबलात? पाहुणे गेले."

एक चुलतभाऊ म्हणाला, "जेवायचं हाय ना अजून."

"म्हंजी? तुमी जेवले न्हाईत?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पाहुणे गेल्याशिवाय घरच्यानं जेवायचं नसतं, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पंगतीमागून पंगती मी वाढल्या होत्या, आणि त्यात माझ्या भावकीतला एक माणूस बसला नव्हता. सकाळच्या चहावर होते सगळे. वाढायला उठले नव्हते, पण पाहुण्यांसारखे पत्रावळीवर येऊनही बसले नव्हते.

दादानं गळ्यातला हार काढून बल्लीला अडकवला. म्हणाला, "दिवसभर बघून राहिलो तुझ्याकडं. म्हटलं, आता सांगंल, मंग सांगंल. एवढी तालुक्याची व्यवस्था करणारा तू. आपण खेडवळ माणसं, न सांगता हात घालायचो आणि तुझं काई बिघडायचं. एक हाक मारली असती, तर तुला पाटावर बसवून आमी सगळं ओढलं असतं."

"भावकीला हाक मारायची असती का, दादा?" मी म्हणालो.

"न्हाई," दादा म्हणाला. "पण तुला बी वाटलं ना, की आमी सोयरे झालो?"

दादानं बाह्या वर केल्या, आचाऱ्याकडून वरणाची बादली आणली आणि मला खांद्याला धरून पंगतीत बसवलं. चुलतभाऊ पोळ्या घेऊन आले, पोरं पाणी घेऊन धावली. आत्ता कुठं मांडवात लग्नघर वाटत होतं. बायको दारात येऊन उभी राहिली आणि आम्हाला बघत राहिली. मी पहिला घास उचलला तेव्हा पोरीची बस औंढ्याच्या पुढं गेली असेल.